पायापुरता उजेड

कोडोलीच्या बाजारात बॅटरी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "झोत कुठंवर जातोय?" दुकानदारही तयारच असतो. बॅटरीचं नाक पुढे ओढतो, झोत समोरच्या छपरावर नाहीतर झाडाच्या शेंड्यावर मारतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. दक्षिणेला जोतिबाचा डोंगर आहे. तिथवर उजेड पोचतो असं छातीठोक सांगणारेही भेटतात. भर दुपारी त्याची खातरजमा कोण करणार? मला मात्र एका सेलच्या या छोट्या बॅटरीची गोडी झोत किती लांब जातो यात कधी सापडली नाही. ती सापडते झोत स्वतःच्या पायाशी पाडला की.

ही बॅटरी वाचायची तर ती कुठे पेटते ते आधी पाहावं. वारणेच्या काठचा हा सगळा पट्टा उसाचा. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते, आणि कित्येक वर्षांचा हिशोब असा, की दिवसाची पाळी असेल तर आठ तास, रात्रीची असेल तर दहा. दिवसा वीज द्या म्हणून फेब्रुवारी 2022 मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टींनी कोल्हापुरात महावितरणच्या दारात ठिय्या मांडला होता. दिवसाच्या विजेसाठी सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे. तरीही रात्री-अपरात्री लाईट येते, मोटर चालू होते आणि माणूस दारं धरायला, म्हणजे सरीसरीला पाणी वळवायला, उसात शिरतो. एका हातात खोरं असतं, दुसरा हात पाचट बाजूला सारतो. मग बॅटरी कुठे धरायची? दातात.

एका सेलच्या बॅटरीचं पहिलं मोठेपण इथे कळतं. जुनी पितळी बॅटरी देखणी होती यात वाद नाही. दोन जाड सेल, वर काचेचा बल्ब, हातात घेतली की वजनानेच धीर यायचा. पण ती दातात धरून कुणी दारं मोडली असतील असं वाटत नाही. पेन्सिल सेल साडेचौदा मिलिमीटर जाड आणि जेमतेम पाच सेंटिमीटर लांब. त्याभोवती ॲल्युमिनियमची नळी चढवली की झाली बॅटरी. अंगठ्याएवढ्या त्या नळीत फालतू जागा औषधालाही नाही, त्यामुळे आतल्या प्रत्येक भागाला आपण तिथे का आहोत याचं उत्तर द्यावं लागतं.

खरी कारागिरी मात्र दिसत नाही. पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण तीन व्होल्ट लागतात आणि पेन्सिल सेल देतो दीड. सरळ जोडला तर दिवा ढिम्म राहतो. मग तो पेटतो कसा? फेराइटची एक बारकी कडी, तिच्यावर तारेच्या दोन गुंडाळ्या, एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, एवढाच संसार. गुंडाळीतून प्रवाह वाढत जातो, ट्रान्झिस्टर एकदम दार लावतो, आणि अडलेला प्रवाह वाट शोधताना तीन व्होल्टांच्या वर उसळून एलईडीतून बाहेर पडतो. सेकंदाला हजारो वेळा हे घडतं, डोळ्याला मात्र सलग उजेड दिसतो. असं एक छोटं सर्किट नोव्हेंबर 1999 मध्ये 'एव्हरीडे प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स' या इंग्लंडमधल्या मासिकात आलं होतं. पुढे त्याला 'जूल थीफ' हे नाव पडलं आणि जगभरच्या खटपट्यांनी ते डोक्यावर घेतलं. लागणारी कडी मेलेल्या सीएफएल बल्बच्या बुडातही सापडते. भिंतीवरच्या घड्याळाने नाकारलेला सेल इथे आणखी काही रात्री काढतो. मला यातला कंजूषपणा फार आवडतो. सेल एक व्होल्टाच्या खाली गेला तरी सर्किट त्याला पिळत राहतं.

आता बाजारात जोर 18650 या लिथियम सेलचा आहे. 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब, भरला की 4.2 व्होल्ट. व्होल्ट वाढवायची गरजच नाही, त्यामुळे आतली कारागिरीही उणावली. बढाया मात्र वाढल्या. सेलच्या अंगावर 9900 मिलिअँपिअर-तास छापलेलं दिसलं की तो तिथेच ठेवून द्यावा. चांगल्या कंपनीच्या सेलचीही मजल साडेतीन हजारांच्या आसपास. काटा असेल तर वजन करावं. खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आगेमागे भरतो, नकली बहुधा हलका.

त्या पुढे ओढायच्या नाकाबद्दलही बोललं पाहिजे. पूर्ण ओढलं की भिंतीवर पिवळट-पांढरा चौकोन पडतो. तो एलईडीच्या चिपचाच चेहरा, भिंगाने मोठा करून दाखवलेला. नीट पाहिलं तर चिपवरच्या बारीक रेघाही दिसतात. दुकानात ही जादू वाटते. उसात मात्र त्या चौकोनाबाहेर काळोख असतो, आणि घोणस चौकोनातच बसेल असा काही नियम नाही. शिवाय नाक ओढलं की बराचसा उजेड भिंगापर्यंत पोचतच नाही, नळीच्या आत जिरतो. थोडक्यात, अंतरासाठी आजूबाजूचं दिसणं विकलेलं असतं.

म्हणून मला फेरफार केलेली बॅटरी मूळ मालापेक्षा सरस वाटते. तीच बॅटरीची खरी समीक्षा. सगळ्यात स्वस्त फेरफार म्हणजे काचेवर धुरकट चिकटपट्टी: झोत विरघळतो आणि सरीच्या दोन्ही अंगांचे वरंबे एकदम दिसतात. त्यापुढची पायरी एलईडी बदलण्याची. निळसर पांढऱ्या, 6500 केल्विनच्या उजेडात वाळलेलं पाचट आणि घोणशीचं तपकिरी अंग दोन्ही सारखीच राखाडी दिसतात. 4000 केल्विनचा, रंग नीट दाखवणारा एलईडी लावला की तपकिरीत तपकिरी वेगळी होते, पाठीवरचे गडद ठिपके सुटे दिसतात. उजेड मोजायला गेलं तर थोडा कमी भरेल, पण दिसतं जास्त.

जाणकार त्याहीपुढे जातो. तो लिथियम सेलच्या बॅटरीतलं मूळ सर्किट काढून 7135 नावाचा, मुगाच्या डाळीएवढा रेग्युलेटर डाग देऊन बसवतो. हा 350 मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जाऊ देत नाही. उजेड डोळे दिपवणारा नसतो, पण सुरुवातीला असतो तसाच बराच वेळ टिकतो, आणि 2800 चा खरा सेल सुमारे आठ तास पुरतो. रात्रीच्या पाळीतला बहुतेक वेळ निघतो. बुडाच्या स्प्रिंगला तांब्याची पातळ तार जोडायची, म्हणजे पोलादी वेटोळ्यात वाया जाणारे व्होल्ट वाचतात. डाग स्प्रिंगलाच द्यायचा. लिथियम सेलला कावीय टेकवण्याचं धाडस कुणी करू नये. झाकणाच्या आट्यांवरची काळी मळी पुसली, रबरी कडीला जरा ग्रीस लावलं, की पाटात पडलेली बॅटरीही बहुतेकदा वाचते.

या सगळ्या फेरफारांत जोरदार आणि मंद उजेडानंतरचा, भकभक करणारा तिसरा मोडही जातो, हा वरकड नफा. तो कुणासाठी ठेवलेला असतो कोण जाणे! मंद उजेड हवा म्हणून बटण दाबावं आणि ऐन दारं मोडताना तोंडासमोर नाचरा उजेड सुरू व्हावा, हे फक्त दिवाणखान्यात बसलेल्या कारखानदारालाच सुचू शकतं. बटणाचं गाडं मात्र अजून अडलेलंच आहे. बुडाला असेल तर बॅटरी दातात धरल्यावर ते तोंडातच जातं, आणि बाजूला असेल तर चिखलाच्या बोटाला अंधारात लवकर गावत नाही. नळीवर बटणाच्या बरोबर मागे सायकलच्या ट्यूबचं कडं ताणून बसवलं, की बोट तिथे अडतं आणि पुढचं बटण आपोआप सापडतं. एवढं केलेली बॅटरी दुकानात काही मिळत नाही, ती घरीच करून घ्यावी लागते.