भीती, पाणी आणि ‘स्मृतिचित्रे’

ख्रिस्ती श्रद्धेतल्या धैर्याचा विषय निघाला की ठरलेली माणसं पुढे येतात. सिंहांच्या गुहेतला दानिएल, पाण्यावर पाऊल टाकणारा पेत्र. निकदेमाला फारसं कुणी बोलावत नाही. कारण उघड आहे, तो रात्री येतो. सभेतला प्रतिष्ठित माणूस, दिवसाढवळ्या येशूकडे कसा जाणार? योहानाच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात तो असा अंधारात येतो. सातव्या अध्यायात सहकाऱ्यांपुढे कायद्याचा एक मुद्दा काढतो आणि दटावला जातो. एकोणिसाव्यात मात्र तोच माणूस गंधरस आणि अगरू यांचं भलंमोठं ओझं घेऊन येशूला पुरायला हजर होतो. मधल्या काळात त्याची भीती कधी गेली, गेली की नाही, याबद्दल योहान एक अक्षर लिहीत नाही.

हा निकदेम मनात ठेवून आज आपण मराठीतली दोन आत्मकथनं वाचू. बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ १८८८ चं, आणि लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी आलेलं.

आधी ही भीती कशाची होती ते बघू, नाहीतर आपण उगाच हवेत बोलू. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती मिशनऱ्यांकडे राहिला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुलगा आईबापांच्या ताब्यात देण्यात आला. पण घरी आणलेल्या मुलाला जातीत घ्यायचं की नाही? प्रायश्चित्त देऊन घ्यावं, असं म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाच लोकांचा रोष सोसावा लागला. पुढे १८५० मध्ये कायदा झाला की धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही. ठीक. शेतजमीन वाचली. पण आईच्या हातचं पाणी कुठला कायदा मिळवून देणार?

या पाण्याचीच गोष्ट पदमनजी सांगतात. तरुणपणी ते मुंबईच्या परमहंस सभेत होते. जातिभेद मोडायचा, पण गुपचूप, ही त्या सभेची रीत. आत बसून परजातीच्या हातचं खायचं-प्यायचं, आणि बाहेर पडलं की पुन्हा ज्याचं त्याचं सोवळं. १८६० च्या सुमारास सभासदांची नावं बाहेर फुटली आणि सभा बसली. या मंडळींना भेकड म्हणून हसणं सोपं आहे. आम्हाला ते पटत नाही. त्या काळी बंद दाराआड खाल्लेला पावाचा तुकडासुद्धा घशाखाली सहज उतरत नसणार.

पदमनजींनी स्वतः १८५४ मध्ये बेळगावात उघड बाप्तिस्मा घेतला. पण ‘अरुणोदय’ लिहिलं त्यानंतर चौतीस वर्षांनी, आणि अडचण इथेच आहे. पुस्तकाच्या नावातच सूर्य उगवलेला आहे! वडिलांचा धाक, चालढकल, रात्रीची तळमळ, सगळं प्रामाणिकपणे येतं, पण पुढे पहाट होणार हे लेखकाला ठाऊक आहे आणि आपल्यालाही. त्यामुळे भीती हा तिथे ओलांडून झालेला मुक्काम वाटतो. माहितीसाठी पुस्तक मोलाचं, पण वाचताना आपल्या पोटात गोळा येत नाही.

तो गोळा ‘स्मृतिचित्रे’त येतो, आणि गंमत म्हणजे हसता हसता येतो. लक्ष्मीबाई ज्या घरात वाढल्या, तिथे वडिलांच्या सोवळ्याला सीमाच नव्हती; मीठसुद्धा धुऊन घ्यायचं! विटाळाची धास्ती या मुलीच्या हाडात मुरलेली. आणि १० फेब्रुवारी १८९५ ला नारायण वामन टिळक मुंबईत बाप्तिस्मा घेऊन मोकळे होतात. बायकोला न सांगता.

आपल्या प्रवचनांत या दिवसाचे नायक टिळक असतात. त्यांचं धैर्य खरंच आहे, बायको-मुलगा दुरावण्याची किंमत त्यांनी मोजली. पण त्या पावलाचा अर्धा भार न विचारता दुसऱ्याच्या डोक्यावर गेला, हेही तितकंच खरं. १८६६ च्या कायद्याने धर्मांतरित नवऱ्याला कोर्टात जाता येत होतं, बायको नांदायला येत नसेल तर विवाह मोडून घेता येत होता. टिळक त्या वाटेला गेले नाहीत; वाट पाहत राहिले. आमच्या मते बाप्तिस्म्याइतकंच हे वाट पाहणंही मोठं होतं.

लक्ष्मीबाई काही वर्षं नातलगांकडे राहिल्या. मग नवऱ्याजवळ आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. पुढे राहुरीला असताना त्या स्वतःशीच प्रश्न घालतात की जात देवाने केली की माणसाने. देवाने केली असती तर जन्मामरणात, शरीरात कुठेतरी फरक ठेवला असता. तिथे गाठ सुटते, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा.

समीक्षकांनी या बाईंना नेहमी एकच शाबासकी दिली: निर्मळ विनोद, भाबडेपणा. विनोद कबूल. भाबडेपणा कशाला म्हणायचं? जी बाई आपल्याच सोवळ्याची फजिती इतक्या नेमकेपणाने मांडते, तिने ती भीती चारी बाजूंनी न्याहाळलेली असते. हसू हे इथे भीतीकडे टक लावून पाहण्याचं साधन आहे. पाच वर्षं लागली म्हणून त्यांना कमी भरवशाची श्रद्धावंत ठरवणारे वाचक आहेत. त्यांनी निकदेमाला किती वर्षं लागली ते मोजावं.

पण पुस्तकात उणिवा आहेत, त्या झाकायच्या नाहीत. जात सुटली ते कळतं. तिथून ख्रिस्तापर्यंतची वाट मात्र लक्ष्मीबाई फार भरभर चालतात. दुसरी उणीव अधिक बोचणारी आहे. नगर-राहुरीकडचे बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजांतले. कुणाच्याही हातचं पाणी घेणं हे लक्ष्मीबाईंचं धाडस. पण ज्यांच्या हातचं ते पाणी, त्यांचं धाडस कोणतं? गावकी, वतन, विहीर, यांच्या दहशतीत राहून प्रभूचं नाव घेणाऱ्यांची भीती या पुस्तकात आतून दिसत नाही.

ती भीती संपलेली नाही, म्हणून हे बोलायला हवं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. शीख १९५६ मध्ये आत आले, बौद्ध १९९० मध्ये. ख्रिस्ती बाहेरच. तेव्हा रविवारी उपासनेला येणारा आणि दाखल्यावर जुनाच धर्म ठेवणारा माणूस आपल्या मंडळ्यांत आहे, आणि व्यासपीठावरून ‘धाडसी पाऊल टाका’ हे त्याला उद्देशूनही म्हटलं जातं. म्हणणाऱ्याच्या मुलाची फी त्या कागदावर अवलंबून नसते. या माणसाचं ‘स्मृतिचित्रे’ मराठीत यायचं आहे, आणि ते आलं तर त्यात परमहंस सभेवरच्या हशासारखा हशा नसेल.

आणखी एक. जातीची भीती गेली की सगळी भीती गेली, असं नसतं. मग मिशनची सुरू होते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घातला, कारण आपली बुद्धी त्यांनी चर्चच्या दाराशी काढून ठेवली नव्हती. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. पगार थांबला म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायचं असेल तर टिळकांच्या कविता बाजूला ठेवा आणि लक्ष्मीबाईंनी लिहिलेल्या संसाराच्या हकिगती उघडा.