पत्राची दुसरी बाजू : साहित्यिकांच्या हस्तलिखित पत्रांचे संग्रह आणि मराठी समीक्षा

मराठीत साहित्यिकांची पत्रे जमविण्याची आणि छापण्याची परंपरा जुनी आहे. त्या संग्रहांची समीक्षा मात्र क्वचितच झालेली दिसते. पत्रसंग्रह प्रसिद्ध झाला की परीक्षणकर्ता त्यातील लेखकाचा स्वभाव, त्याचे वाचन, त्याचे मित्र आणि त्याचे वाद यांचा शोध घेतो. पत्र कोणी जपले, ते का निवडले, सोबतचे कोणते वगळले आणि मूळ कागद आज कोठे आहे, हे प्रश्न ग्रंथपालाचे किंवा इतिहास-संशोधकाचे मानून तो बाजूला ठेवतो. प्रस्तुत लेखात हे प्रश्न समीक्षेचेच आहेत अशी भूमिका घेतली असून, त्यासाठी मुख्यतः जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांच्या पत्रव्यवहाराचा आधार घेतला आहे.

प्रथम संग्राहकाच्या दृष्टीविषयी. मोठ्या लेखकाचे पत्र जपणाऱ्याला अनेकदा पत्रापेक्षा स्वाक्षरी हवी असते. एका लेखकाचे एक, दुसऱ्याचे एक अशी पत्रे चौकटीत बसवून भिंतीवर लावली जातात. यात प्रेम असते, पण पत्र आपल्या मालिकेतून तुटते. मागचे-पुढचे पत्र नसलेले पत्र म्हणजे मधूनच ऐकलेले वाक्य होय. जून 2025 मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी धूर्जटिप्रसाद मुखर्जी यांना लिहिलेली 35 हस्तलिखित पत्रे व 14 पाकिटे मुंबईतील एका लिलावगृहाने विक्रीस काढली. त्यांना सुमारे 5.9 कोटी रुपये मिळाले. या रकमेची चर्चा बरीच झाली. अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ती 35 पत्रे एकत्र विकली गेली आणि पाकिटेही सोबत राहिली. हीच पत्रे सुटी विकून कदाचित अधिक पैसे मिळाले असते, आणि एक पत्रव्यवहार कायमचा संपला असता.

मराठीत या दिशेने झालेला सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे ह. वि. मोटे यांनी सिद्ध केलेले ‘विश्रब्ध शारदा’चे खंड. पहिला खंड 1972 मध्ये निघाला. विभावरी शिरूरकरांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ 1933 मध्ये प्रसिद्ध करण्याचे धैर्य दाखविणाऱ्या या प्रकाशकाने 1817 ते 1947 या काळातील पत्रे मिळवून ती वाचकांपुढे ठेवली. व्यक्तीच्या नव्हे, तर एका संस्कृतीच्या पत्रव्यवहाराचा ग्रंथ करण्याची ही कल्पनाच मोठी होती. तरीही या प्रकारच्या ग्रंथात निवडीचे तत्त्व शेवटी नामवंतपणाचेच राहते. वि. का. राजवाडे यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा पत्रलेखकाची कीर्ती ही त्यांची कसोटी नव्हती. अप्रसिद्ध कारकुनाचे पत्रही त्यांच्या लेखी साधन होते. इतिहासाने ही शिस्त शंभरहून अधिक वर्षांपूर्वी अंगीकारली. साहित्याच्या अभ्यासाने ती अजूनही पुरती स्वीकारलेली नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

नामवंतपणाची कसोटी लावली की काय हरवते, हे जीएंच्या पत्रांवरून स्पष्ट होते. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करणारा हा कथाकार सभा-संमेलनांपासून कटाक्षाने दूर राहिला. ‘काजळमाया’ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कारही त्याने परत केला. अशा लेखकाचा समाज म्हणजे त्याचा पत्रव्यवहार होता. 11 डिसेंबर 1987 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर मौज प्रकाशन गृहाने ‘जी. एं.ची निवडक पत्रे’ चार खंडांत प्रसिद्ध केली आणि त्यातील पहिला संपूर्ण खंड सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचा आहे. या खंडाने जीएंची प्रतिमा पालटली. कथांमधून ज्याचा स्वर नियतीच्या गडद छायेतून येतो, तो माणूस येथे मनमोकळा, थट्टेखोर, पुस्तके आणि चित्रे यांविषयी भरभरून बोलणारा भेटतो. तथापि वाचकाच्या हाती आले होते ते अर्धे संभाषण. जीए कोणत्या प्रश्नाला उत्तर देत आहेत, कोणत्या टोमण्यावर हसत आहेत, हे वाचकाने ताडायचे होते.

2003 मध्ये सुनीताबाईंची पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने पुस्तकरूपाने आली तेव्हा दुसरी बाजू ऐकू आली. ती ऐकल्यावर पहिल्या खंडाचे वाचन पूर्वीसारखे राहू शकत नाही, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. सुनीताबाई येथे एका मोठ्या कथाकाराच्या चाहत्या म्हणून लिहीत नाहीत. त्या बरोबरीच्या नात्याने मतभेद नोंदवितात आणि स्वतःच्या घराविषयी व मनाविषयी स्पष्ट बोलतात. जीएंच्या पत्रांतील मोकळेपणा हा केवळ त्यांचा स्वभावविशेष नसून समोरच्या व्यक्तीने तो शक्य केला होता, हे येथे कळते. ‘आहे मनोहर तरी’ (1990) या पुस्तकामुळे सुनीताबाई स्वतः मान्यताप्राप्त लेखिका झाल्या होत्या, ही बाबही लक्षात घेतली पाहिजे. त्यांना स्वतंत्र वाचकवर्ग नसता, तर या दुसऱ्या बाजूचे पुस्तक निघाले असते का? जीएंना पत्रे लिहिणाऱ्या इतर सामान्य वाचकांच्या पत्रांचे असे पुस्तक निघालेले नाही, एवढे या प्रश्नाचे उत्तर पुरेसे बोलके आहे.

पत्राचा धर्मच असा की ते लिहिणाऱ्यापाशी राहत नाही. म्हणून प्रसिद्ध लेखकाची पत्रे अप्रसिद्ध माणसांच्या घरी जपली जातात आणि अप्रसिद्ध माणसांची पत्रे प्रसिद्ध लेखकाच्या घरी पडून राहतात. पहिल्या प्रकारच्या पत्रांना संग्राहक मिळतो. दुसऱ्या प्रकारची पत्रे लेखकाच्या पश्चात घर आवरताना रद्दीत जाण्याचीच शक्यता अधिक. त्यामुळे लेखक तेवढे बोलत राहतात आणि वाचक मुके होतात. वाचनाच्या इतिहासाची आणि अभिरुचीच्या अभ्यासाची चर्चा आपण चर्चासत्रांतून आवर्जून करतो, पण तिची साधने आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होत आहेत.

‘निवडक’ या शब्दाकडेही थोडे थांबून पाहिले पाहिजे. निवड करणे हा संपादकाचा अधिकार आहे. जिवंत व्यक्तींच्या भावना दुखावू नयेत म्हणून काही मजकूर गाळणे योग्यही असते. परंतु मूळ संच सुरक्षित असेल तरच निवडीला अर्थ राहतो. टागोरांचेच उदाहरण बोलके आहे. इंदिरा देवींना लिहिलेल्या पत्रांतील खासगी भाग काढून त्यांनी 1912 मध्ये ‘छिन्नपत्र’ सिद्ध केले. इंदिरा देवींनी ती पत्रे आपल्या वह्यांत उतरवून ठेवली होती, म्हणून 1960 मध्ये ‘छिन्नपत्रावली’ हे अधिक पूर्ण रूप प्रकाशात येऊ शकले. एका स्त्रीने केलेल्या त्या नकलेचे वाङ्मयीन मोल लेखकाने स्वतः केलेल्या संपादनाहून कमी मानता येणार नाही.

आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामहून गांधीजींनी असंख्य पत्रे लिहिली. त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या इंग्रजी शंभर खंडांत प्रत्येक पत्राखाली ते मूळ पत्रावरून, छायाप्रतीवरून की छापील मजकुरावरून घेतले, याची नोंद आहे. कोणाच्या सौजन्याने मिळाले, हेही पुष्कळ ठिकाणी सांगितले आहे. पुढे या खंडांच्या सुधारित आवृत्तीत मजकूर वगळल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आणि ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. चूक पकडता आली, कारण ताडून पाहण्यास मूळ नोंद उपलब्ध होती. मराठी साहित्यिकांच्या पत्रसंग्रहांत अशी तळटीप फारशी आढळत नाही. पुस्तक निघाले म्हणजे पत्र सुरक्षित झाले, अशी आपली समजूत आहे.

छापील पत्रात न येणाऱ्या गोष्टी थोड्या नाहीत. खाडाखोड, समासात आडवा लिहिलेला मजकूर, पोस्टकार्डाच्या शेवटी बारीक होत गेलेले अक्षर, मध्येच बदललेली शाई, या सर्वांतून लिहिणाऱ्याची मनःस्थिती वाचता येते. लेखकाने दिनांक घातला नसेल तर पाकिटावरील टपाल शिक्का तो सांगतो. आणि संग्राहक बहुधा प्रथम पाकीटच फेकतो! लेखनपद्धतीचा प्रश्नही आहे. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 मध्ये आले आणि 1972 मध्ये त्यांत भर पडली. त्यापूर्वीच्या पत्रांतील अनुस्वार व ऱ्हस्व-दीर्घ संपादक नव्या नियमांनुसार बदलतो, तेव्हा भाषेच्या अभ्यासकाचे साधन तो नकळत पुसून टाकतो. त्याहून जुनी पत्रे मोडीत आहेत. मोडी वाचणारे घरात कोणी नसेल तर पत्राचे मोल घरच्यांना कळणार तरी कसे?

कायद्याची बाजू संक्षेपाने सांगावयाची, तर पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा. मजकुराचा स्वामित्वहक्क मात्र लिहिणाऱ्याचा व त्याच्या वारसांचा. भारतीय कायद्यानुसार हा हक्क लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे टिकतो. निधनानंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाबाबत ही 60 वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. म्हणजे पत्र जपण्यास कोणाची परवानगी लागत नाही, छापण्यास लागते. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी हा भेद नीट ओळखला तर संग्रह करण्याची भीती उरणार नाही.

हा विषय पुण्या-मुंबईपुरता नाही. चंद्रपूर येथे 1979 मध्ये वामन कृष्ण चोरघडे यांच्या आणि 2012 मध्ये वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली. अशा संमेलनांपूर्वी निमंत्रणे जातात, होकार-नकार येतात, क्वचित रुसवेही पत्रांतून व्यक्त होतात. वरोऱ्याच्या आनंदवनात पु. ल. आणि सुनीताबाईंसह अनेक साहित्यिक येत राहिले, आणि ‘ज्वाला आणि फुले’ लिहिणारे बाबा आमटे स्वतः कवी होते. 1973 मध्ये सुरू झालेला हेमलकसाचा प्रकल्प तर पर्लकोटेला पूर आला की जगापासून तुटत असे. तेथे पत्राचे महत्त्व काय असेल, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

ऊर्जानगरची वसाहत औष्णिक विद्युत केंद्राबरोबर 1980 च्या दशकात वाढली. तो काळ वाचकाने लेखकाला पत्र लिहिण्याचा आणि लेखकाने पोस्टकार्डावर दोन ओळींचे उत्तर पाठविण्याचा होता. येथील कुटुंबे कोराडी, परळी, भुसावळ अशा बदल्यांच्या ठिकाणांहून आली आणि सेवानिवृत्तीनंतर पुन्हा विखुरली. प्रत्येक बदलीच्या वेळी ट्रकमध्ये प्रथम भांडी चढतात आणि रद्दीवाल्याकडे प्रथम कागद जातात. जे कागद वाचतात त्यांना आपल्या जिल्ह्याचा उन्हाळा कडक करून ठेवतो, पावसाळ्यात दमट हवेने ते मऊ पडतात, आणि उरलेले काम कसर व वाळवी करतात.

गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये स्थापन झाल्यापासून या दोन जिल्ह्यांतील वाङ्मयीन साधनांचे संशोधन येथेच होण्याची सोय झाली आहे. मराठी विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी पुन्हा एकदा एखाद्या कादंबरीतील स्त्रीचित्रणाचा विषय देण्याऐवजी (असे विषय आम्हीही देतो) आपापल्या गावातील वाचकांकडील पत्रांची सूची करावयास सांगावे. मूळ पत्र मालकाकडेच राहू द्यावे. दोन्ही बाजू, कोरी वाटणारी पाठ आणि पाकीट यांची छायाचित्रे घ्यावीत. कोणाचे, कोणास, कोठून, कोणत्या कागदावर आणि आज कोणाकडे, एवढी नोंद करावी. चिकटपट्टी लावू नये, टाचणी काढून टाकावी, लॅमिनेशन तर कदापि करू नये. प्लास्टिकमध्ये बंद झालेला कागद पुन्हा मोकळा करणे जवळजवळ अशक्य असते. आणि विद्यार्थ्याने पत्राच्या मालकास एक प्रश्न अवश्य विचारावा : “हे उत्तर येण्याआधी आपण काय लिहिले होते?” कच्चा मसुदा असेल तर त्याचे छायाचित्र घ्यावे. नसेल तर त्यांना आठवते तेवढे त्यांच्याच शब्दांत, सांगितल्याच्या दिनांकासह, सूचीत त्या पत्राच्या शेजारी लिहून ठेवावे.