तट, वेस आणि वाटसरू : ‘अतिपर्यटन’ या संज्ञेची मर्यादा

ऐतिहासिक तटबंदीच्या शहरातून वाटाड्यासह पायी फिरण्याचा प्रघात अलीकडे रूढ झाला आहे. अशा पदफेरीत तटाचा इतिहास सांगितला जातो आणि त्यासोबत ‘अतिपर्यटन’ या नव्या संज्ञेचाही उच्चार होतो. परभाषेतील संज्ञा स्वीकारण्यात दोष नाही. परंतु जे दुःख तिने दाखवावयाचे, ते त्या स्थळी आहे किंवा नाही, हे आधी पाहावयास हवे.

‘परि’ आणि ‘अटन’ मिळून ‘पर्यटन’ होते. त्याचा मूळ अर्थ सभोवार हिंडणे. ‘अति’ या उपसर्गाने त्यात केवळ संख्येचा भाव येतो. क्रोएशियातील दुब्रोव्हनिक येथे ही संज्ञा यथार्थ ठरते. सुमारे 1,940 मीटर लांबीच्या तटाने वेढलेल्या त्या नगरात समुद्रमार्गे येणाऱ्यांची दाटी इतकी झाली, की 2019 पासून एका वेळी दोनच प्रवासी जहाजांना मुभा देण्याचे धोरण आखावे लागले. तेथे तट अखंड आहे आणि पीडा माणसांच्या संख्येची आहे.

मराठवाड्यात या संज्ञेची कसोटी छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे 2023 पूर्वीच्या औरंगाबादेत, पाहावी. या ‘बावन्न दरवाजांच्या शहरा’तील पदफेरीत प्रत्येक दरवाजा सुटी वास्तू म्हणून दाखविला जातो. वस्तुतः ‘बावन्न’ हा लोकवाणीतील विपुलतेचा आकडा होय. ‘बावन्नकशी’ आणि ‘बावन्नवीर’ या शब्दांतही तो भेटतो. तटाच्या वर्णनांत चार मुख्य आणि नऊ दुय्यम दरवाजांचा निर्देश येतो. शिवाय या एका आकड्यात भिन्न काळांची सरमिसळ होते. भडकल दरवाजा मलिक अंबरने 1612 मध्ये मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ उभारला. नगराचा तट औरंगजेबाने 1682 च्या सुमारास बांधविला. मोगलांच्या पराभवाची खूण मोगल दरवाजांच्या गणतीत जमा व्हावी, हा पदफेरीच्या कथनातील मोठाच दोष म्हणावा लागेल.

याहून महत्त्वाची गोष्ट नावांची. उत्तरेस दिल्ली, पूर्वेस जालना, दक्षिणेस पैठण, पश्चिमेस मक्का (लोकांच्या तोंडी ‘मकाई’) ही नावे दरवाजांची नसून त्यांतून निघणाऱ्या वाटांची आहेत. वाक्यावाचून शब्द जसा अर्थाला पारखा होतो, तसा तटावाचून दरवाजा. पुष्कळ ठिकाणी तट नाहीसा झाला, बाजूंनी रस्ते निघाले आणि दरवाजा वाहनांच्या गर्दीत एकाकी उभा राहिला. वेरूळ, अजिंठा किंवा बीबी का मकबरा पाहावयास येणारा प्रवासी या दरवाजांपाशी क्वचितच थांबतो. म्हणजे येथील विकार अतिपर्यटनाचा नसून उपेक्षेचा व वाहतुकीचा आहे.

याच मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे चित्र उलट दिसते. परकोटाने वेढलेल्या या देवस्थानात महाशिवरात्रीस आणि श्रावणी सोमवारी अलोट गर्दी लोटते. गर्भगृह जमिनीखाली असून उतरण्याची वाट अरुंद आहे. सर्व भार तेथेच पडतो. उलट खालच्या पाषाणभागावरील शिल्पे बाह्यांगावर असूनही घाईच्या दर्शनात नजरेबाहेर राहतात. येथे संख्या आहे. तरीही हे पर्यटन नव्हे. ‘यात्रा’ या शब्दात तिथी, नवस आणि नियम अंतर्भूत आहेत. ‘प्रदक्षिणे’त तर वास्तूला उजवी घालून तिच्याभोवती संथपणे चालण्याची शिस्तच आहे.

संज्ञा चुकली की उपायही चुकतो. औंढ्यास पर्यटकांप्रमाणे शुल्क लावून संख्या रोखल्यास नवस फेडावयास आलेला गरीब यात्रेकरूच दाराबाहेर राहील; तेथे वेळेची विभागणी हवी आणि प्रदक्षिणेची वाट मोकळी हवी. संभाजीनगरात पाहुण्यांची संख्या मोजून एकही दरवाजा वाचणार नाही; तेथे वाहने दूर नेली पाहिजेत आणि लुप्त तटाची रेषा जमिनीवर आखली पाहिजे. पदफेरीनेही दरवाजापासून दरवाजापर्यंत याच रेषेवरून चालावे. जे पडले ते कोठे होते, हे पायांना कळल्यावाचून जे उरले आहे त्याचा अर्थ लागणार नाही.