‘जु दौ’ : नात्याचे नाव आणि निषिद्ध प्रेम

चिनी चित्रपटसृष्टीतील ‘पाचव्या पिढी’चे प्रमुख दिग्दर्शक झांग यिमौ यांनी यांग फेंगलिआंग यांच्या सहकार्याने दिग्दर्शित केलेला ‘जु दौ’ हा चित्रपट १९९० मध्ये प्रकाशात आला. ऑस्करच्या परभाषिक चित्रपट विभागात नामांकन मिळवणारा तो पहिला चिनी चित्रपट होय. खुद्द चीनमध्ये मात्र १९९२ पर्यंत तो दाखवता आला नाही. या चित्रपटाची चर्चा सहसा त्यातील रंगयोजनेभोवती फिरते. हा मोह समजण्यासारखा आहे. तथापि चित्रपटाचा गाभा नात्याच्या नावात आहे आणि त्याकडे लक्ष दिल्याखेरीज शोकांतिकेचा उलगडा होत नाही.

कथानक १९२०च्या दशकातील एका चिनी खेड्यात घडते. कापड रंगवण्याच्या कारखान्याचा वृद्ध मालक यांग जिनशान वंशाला दिवा हवा म्हणून जु दौ या तरुणीला विकत आणतो व रात्री तिचा छळ करतो. घरात पुतण्या म्हणून राबणारा तिआनचिंग भिंतीच्या भोकातून तिला न्हाताना पाहतो. हे तिच्या ध्यानात आल्यावर ती अंग झाकून घेत नाही, उलट अंगावरचे वळ त्याला दिसतील अशी वळते. पुरुषी नजरेला साक्षीदार व्हायला लावणारा हा क्षण गोंग ली यांनी विलक्षण संयमाने साकारला आहे. पुढे चुलती-पुतण्याच्या संबंधातून मुलगा जन्मतो आणि जिनशान बाप म्हणून मिरवतो.

बारशाचा प्रसंग येथे निर्णायक ठरतो. कुळातील वडीलधारे मुलाचे नाव ‘तिआनबाई’ ठेवतात. ‘तिआन’ हे पिढीदर्शक अक्षर असल्याने जन्मदाता आणि पुत्र एकाच पिढीत, भाऊ म्हणून नोंदले जातात. शिवाय ‘चिंग’ आणि ‘बाई’ जोडून होणाऱ्या ‘चिंगबाई’ या शब्दाचा अर्थ निष्कलंक असा आहे. कलंक झाकणारे नाव कुळच बहाल करते, आणि त्याच नावाने बापाचा बापपणा कायमचा हिरावला जातो. पुढे मूल पंगू जिनशानला ‘बाबा’ म्हणते, तेव्हा त्या म्हाताऱ्याला सूडाचे आयते साधन सापडते. जु दौचे प्रेम कायद्याने नव्हे, वंशावळीने निषिद्ध ठरवले आहे.

तिआनचिंगची शोकांतिका अशी की हे नाव त्याने स्वतःही मान्य केलेले आहे. जु दौ बंडाला तयार असते, तो मात्र ‘काका’ या शब्दापुढे हतबल होतो. जिनशानच्या अंत्ययात्रेत दोघांना शवपेटीसमोर एकोणपन्नास वेळा आडवे पडून ती अडवावी लागते आणि पेटीवर बसलेला तिआनबाई त्यांच्यावरून पुढे नेला जातो. शोक, शिक्षा आणि विडंबन या तिन्हींचा इतका प्रभावी मिलाफ चित्रपटात अन्यत्र आढळत नाही. लाल कापडाची गाजलेली उलगडणारी घडी त्यापुढे काहीशी सजावटीची वाटते.

लिउ हेंग यांच्या ‘फुशी फुशी’ या लघुकादंबरीवर चित्रपट आधारित आहे. फुशी हा बहिणीशी विवाह करणारा पुराणपुरुष. मूळ कथेतील कुटुंब शेतकरी आहे. रंगाचा कारखाना ही चित्रपटाची भर. पुराणपुरुषाऐवजी स्त्रीचे नाव शीर्षकात आणून झांग यांनी कथेचा भार जु दौवर टाकला, हा बदल अर्थपूर्ण आहे. तिआनबाईच्या बाबतीत मात्र दिग्दर्शकाचा तोल ढळला आहे. हे मूल क्वचितच बोलते, क्वचितच हसते आणि शेवटी पित्याला रंगाच्या हौदात ठार करते. कुळाने घडवलेला माणूस दाखवण्याऐवजी ते कुळाचे निव्वळ हत्यार होऊन बसते, आणि अखेरीस कारखान्याला आग लावणाऱ्या जु दौचा तो मुलगाही आहे, याचा विसर पडतो.