विकत घेतलं म्हणजे काय घेतलं?

आयोजकांनी आम्हाला दिलेल्या विषयाचे शब्द असे होते: 'रोजच्या वापरासाठी पैसे देऊन घ्यावं असं आवडतं सॉफ्टवेअर'. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हा विषय का, असं आम्ही विचारलं नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला 'पैसे द्यावेत का' हा प्रश्न रोजच पडतो, तेवढी पात्रता पुरेशी आहे. आज आम्ही एका सॉफ्टवेअरची समीक्षा करणार आहोत, पुस्तकाची करतात तशी, गुणदोषांसकट. त्याचं नाव स्क्रिव्हनर. ते लेखन करणाऱ्यांसाठी आहे आणि आम्ही बरीच वर्षं ते रोज वापरतो. पण त्याच्याकडे वळण्याआधी 'घेणं' या क्रियापदाकडे जरा बघावं लागेल.

न्यायशास्त्रात उदाहरण द्यायचं म्हटलं की घट आणि पट. घट विकत घेतला की घट घरी येतो. कुंभार उद्या गाव सोडून गेला तरी घटातलं पाणी जागच्या जागी राहतं. सॉफ्टवेअरचं तसं नाही. आपण पैसे देतो तेव्हा बहुधा हाती येतो तो वापरण्याचा परवाना. ज्या लांबलचक अटींखाली आपण न वाचता 'मान्य' म्हणतो, त्यांत हे लिहिलेलं असतं. मुंबईकरांना मालकी, पगडी आणि लिव्ह अँड लायसन्स यांतला फरक कोणी शिकवावा लागत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांचा शब्दही तोच आहे बघा: लायसन्स.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने आपणच विकलेल्या काही पुस्तकांच्या प्रती, हक्काचा प्रश्न निघाला म्हणून, ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या. पैसे परत केले, आणि पुढे जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. पण पुस्तकविक्रेता रात्री घरात शिरतो, कपाटातलं पुस्तक काढून नेतो आणि टेबलावर पैसे ठेवून जातो, या व्यवहाराला आपण विक्री म्हणू का? आणि त्या पुस्तकांत ऑर्वेलचं '१९८४' असावं, हा तर दैवाचा विनोद.

मग २०१३ च्या मे महिन्यात अडोबीने जाहीर केलं की फोटोशॉप, इनडिझाइन वगैरेंच्या नव्या आवृत्त्या यापुढे वर्गणीवरच मिळतील. २०१२ चा सीएस ६ हा एकदाच पैसे देऊन घेण्याचा शेवटचा संच ठरला. मायक्रोसॉफ्टनेही ऑफिस वर्गणीवर आणलं, मात्र एकदाच पैसे देऊन घेण्याचं ऑफिसही ते विकतात, हे न्यायाने सांगायला हवं. आपल्याला वर्गणी म्हटली की गणपतीची आठवते. ती वर्षातून एकदा, आणि नाही दिली तर फार तर पोरं नाक मुरडतात, घरातला गणपती उचलून नेत नाहीत. महिना ५०० रुपये धरले तर दहा वर्षांत ६०,००० होतात, आणि अकराव्या वर्षी हप्ता थांबला की दार बंद. जिथे समोरच्याला रोज काम करावं लागतं, म्हणजे विषाणूंपासून संरक्षण किंवा दूरच्या संगणकावर आपल्या फाइलींचा साठा, तिथे भाडं रास्त आहे. लिहिण्याच्या टेबलाला भाडं कशाला?

'मग फुकट घ्या की' असं मागच्या रांगेतून कोणीतरी मनात म्हणतंय. इथे आपली भाषा आपल्याला मदत करते. फुकट, मोफत आणि मुक्त हे तीन शब्द आपल्याकडे वेगळे आहेत. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या चोरट्या सीडीवर एक पिढी संगणक शिकली, ते फुकट. बिल गेट्सने १९७६ च्या फेब्रुवारीत हौशी संगणकवाल्यांना खुलं पत्र लिहून हीच तक्रार केली होती, की यंत्राचे पैसे तुम्ही देता आणि प्रोग्रॅम मात्र चोरता. त्याच्या पुढच्या कारभाराबद्दल आमचं मत काहीही असो, त्या पत्रातला प्रश्न खरा होता: लिहिणाऱ्याला मजुरी कोण देणार? लिब्रेऑफिस मात्र मुक्त आहे. ते वापरायला, तपासायला, बदलायला, वाटायला कोणाची आडकाठी नाही. पत्रं, अर्ज, हिशेब एवढंच ज्यांचं काम आहे, त्यांनी लिब्रेऑफिस घ्यावं आणि पैसे पुस्तकांवर खर्च करावेत. विनरारसारखं एक गमतीदार प्रकरणही आहे. चाळीस दिवसांची मुदत संपली तरी ते चालतच राहतं, आणि उधारी मागायला आलेल्या भिडस्त वाण्यासारखं दर वेळी हळूच आठवण करतं. ते असो.

आता आमचं एक उदाहरण. १९९८ साली आमच्या विभागात एक चर्चासत्र झालं. सोळा निबंध, सगळे मराठीत. विभागाने रीतसर पावती घेऊन आणलेल्या एका मराठी सॉफ्टवेअरमध्ये ते टंकित झाले. नाव घेत नाही, कारण त्या काळी जवळपास सगळ्यांची पद्धत तीच होती. त्याच्याबरोबर एक कुलूप यायचं, संगणकाच्या पाठीमागे खोचायचं. त्याला डोंगल म्हणत. पुढे संगणक बदलला. नव्या संगणकाला ते कुलूप बसवायला जागाच नव्हती. फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली तर रोमन अक्षरं, कंस, टिंबं, नुसता चिवडा.

असं का झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. त्या फाइलींत मराठी नव्हतीच. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली होती. नेमका तो फॉन्ट असेल तोवर मराठी दिसायची, फॉन्ट गेला की चित्रं गेली. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टही आला. पण आपला छपाईचा धंदा पेजमेकरवर चालायचा आणि पेजमेकरला युनिकोड समजत नव्हतं, म्हणून प्रकाशनाच्या जगात जुने फॉन्ट पुढे कितीतरी वर्षं टिकले. एका जाणकार विद्यार्थ्याने आमचे निबंध युनिकोडमध्ये आणायचा खटाटोप केला. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकायची, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. त्यामुळे 'विचार' चा 'वचिार' झाला, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले. बारा निबंध हातानं दुरुस्त करून मिळाले. चार मिळाले नाहीत. त्यांतल्या दोघांचे लेखक तोवर वारले होते, आणि हस्तलिखित कोणाच्याच घरी सापडलं नाही.

जॉन लॉकने १६८९ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात मालमत्तेचं मूळ श्रमात शोधलं: ज्यात माझे श्रम मिसळले ते माझं. ते निबंध त्या लेखकांच्या श्रमाचे होते, यात वाद नाही. सॉफ्टवेअरचीही पावती होती, भाड्याचा मामला नव्हता. तरीही निबंध गेले. म्हणजे प्रोग्रॅम आपल्या मालकीचा आहे का, एवढं विचारून भागत नाही. प्रोग्रॅम नसताना आपलं लिखाण वाचता येईल का, हे विचारावं लागतं. याच प्रश्नाने आम्ही स्क्रिव्हनर तपासलं.

हे सॉफ्टवेअर कीथ ब्लाउंट या इंग्रज माणसाने केलं. त्याला कादंबरी लिहायची होती, मनासारखं साधन मिळेना, म्हणून तो प्रोग्रॅमिंग शिकला. २००७ साली मॅकसाठी पहिली आवृत्ती आली, विंडोजसाठी २०११ मध्ये. कंपनीचं नाव 'लिटरेचर अँड लॅटे', मुक्काम कॉर्नवॉल. किंमत सुमारे ६० डॉलर, एकदाच. आधी तीस दिवस वापरून बघता येतं, आणि हे तीस दिवस कॅलेंडरचे नसतात, वापराचे असतात. आठवड्यातून दोनदा उघडलंत तर साडेतीन महिने पुरतात. हा सभ्यपणा आम्हाला फार आवडला.

ते नेमकं करतं काय? वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये लिखाण म्हणजे वरून खाली सोडलेली एक लांब पट्टी असते. शंभराव्या पानावरचा विचार विसाव्या पानावर न्यायचा तर कापा, खाली-वर धावा, चिकटवा. पण विचार पट्टीसारखा येत नाही, तुकड्यांनी येतो. विटगेनस्टाइन आपल्या टंकलिखितांतले उतारे कात्रीने कापायचा. अशा कापलेल्या चिठ्ठ्यांची एक पेटी त्याच्या मागे सापडली आणि १९६७ मध्ये 'त्सेटल', म्हणजे 'चिठ्ठ्या', याच नावाने तिचं पुस्तक झालं. स्क्रिव्हनर ही ती पेटी आहे. प्रत्येक तुकडा वेगळा राहतो. डाव्या बाजूच्या 'बाइंडर' नावाच्या रकान्यात तुकड्यांची उतरंड दिसते, 'कॉर्कबोर्ड'वर तेच तुकडे टाचलेल्या कार्डांसारखे दिसतात, आणि क्रम बदलायला कार्ड उचलून दुसरीकडे ठेवायचं. संदर्भाचे पीडीएफ, छायाचित्रं त्याच पेटीत राहतात. पडदा दुभंगून एकीकडे संदर्भ, दुसरीकडे आपलं लिखाण ठेवता येतं. खोडाखोड करण्याआधी त्या तुकड्याचा 'स्नॅपशॉट' काढून ठेवला की जुना पाठ हरवत नाही. पाठभेदांवर ज्यांनी काम केलंय त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

पुण्याला पेशवे दफ्तर ज्यांनी पाहिलंय त्यांना रुमाल माहीत असतील. कागद एका कापडात बांधून ठेवलेले, गाठ सोडली की कागद समोर. स्क्रिव्हनरचा प्रकल्प हा असा रुमाल आहे, आणि आमच्या लेखी त्याचा सर्वांत मोठा गुण हाच. वरून तो एकच वस्तू वाटतो, पण आत साधं फोल्डर असतं आणि त्यात प्रत्येक तुकड्याची वेगळी आरटीएफ फाइल. आरटीएफ लिब्रेऑफिसमध्ये उघडते, वर्डमध्ये उघडते, इतरही अनेक प्रोग्रॅमांत उघडते. देवनागरी त्यात युनिकोडनेच राहते. कॉर्नवॉलचं दुकान उद्या बंद झालं तर तुकड्यांचा क्रम कदाचित हातानं लावावा लागेल, पण 'विचार' चा 'वचिार' होणार नाही.

आता दोष, आणि ते किरकोळ नाहीत. मॅकसाठी तिसरी आवृत्ती २०१७ च्या नोव्हेंबरात आली. विंडोजवाल्यांना तीच मिळायला २०२१ चा मार्च उजाडला. सव्वातीन वर्षं! छोट्या कंपनीची अडचण समजते, पण पैसे दोन्हीकडच्या ग्राहकांचे सारखेच खरे असतात. मॅक आणि विंडोजचे परवाने वेगवेगळे घ्यावे लागतात. आयफोन-आयपॅडसाठी आवृत्ती आहे, अँड्रॉइडसाठी नाही, आणि आपल्याकडे बहुतेकांच्या खिशात अँड्रॉइडच असतो. सगळे तुकडे जुळवून एक सलग प्रत काढण्याची जी सोय आहे, 'कंपाइल', ती इतकी अवघड करून ठेवली आहे की हेगेलचं 'लॉजिक' वाचून झालेल्या माणसालाही घाम फुटावा. शिवाय छापण्याजोगी पानं लावणं हे त्याचं काम नाही. शेवटचा हात दुसरीकडेच फिरवावा लागतो.

आणखी एक. 'एकदाच पैसे' हेही पूर्ण खरं नाही. २०१९ मध्ये ॲपलच्या कॅटालिना आवृत्तीने ३२-बिट प्रोग्रॅम चालवणं बंद केलं, आणि त्यात स्क्रिव्हनरची दुसरी आवृत्ती गेली. ज्यांना नवी मॅक प्रणाली हवी होती त्यांना तिसरी आवृत्ती घ्यावी लागली, जुन्या ग्राहकांना सवलतीत मिळाली तरी पैसे मोजूनच. आपलं घर मालकीचं असलं तरी ते दुसऱ्याच्या जमिनीवर उभं आहे, आणि जमीनमालक खांब बदलतो. स्क्रिव्हनरचे चाहते हे बोलताना गाळतात. आम्ही गाळणार नाही. मात्र त्या वेळी प्रोग्रॅम बंद पडला तरी रुमालातल्या आरटीएफ फाइली वाचता येत होत्या, हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे.

कोणी घेऊ नये? ज्यांचं लिखाण दोन-चार पानांत संपतं त्यांनी. ज्यांना चौघांनी मिळून एकाच वेळी एक मसुदा लिहायचाय त्यांनीही. तिथे गूगल डॉक्स बरं. ज्यांचा प्रबंध, कोश, चरित्र, कादंबरी असं काही वर्षानुवर्षं रेंगाळलेलं आहे, त्यांनी जरूर घ्यावं. साठ डॉलर म्हणजे आपल्याकडे चांगल्या चार-पाच ग्रंथांची किंमत, हे ओझं आम्ही हलकं मानत नाही.

म्हणून लगेच पैसे भरू नका. तीस दिवसांची प्रत उतरवून घ्या आणि आपलं खरंखुरं लिखाण त्यात टाका, चार ओळींचा नमुना नको. आठवड्याने प्रोग्रॅम बंद करा आणि ते प्रकल्पाचं फोल्डर शोधा. विंडोजवर ते थेट उघडतं. मॅकवर त्याच्यावर उजवी टिचकी मारून आतला माल दाखवायला सांगावं लागतं. त्यातली एक आरटीएफ फाइल दुसऱ्या संगणकावर न्या, जिथे स्क्रिव्हनर नाही, आणि तिथे ती उघडून आपलं मराठी शब्दन् शब्द वाचून बघा. हाच प्रयोग तुमच्याकडच्या हिशेबाच्या, छायाचित्रांच्या, टिपणांच्या प्रोग्रॅमवरही करता येईल. ज्यांच्याकडे १९९० च्या दशकातल्या मराठी फाइली अजून पडून आहेत त्यांनी व्याख्यानानंतर थोडं थांबावं. तो विद्यार्थी आज इथे आलेला आहे, आणि मदत करायला तयार आहे.