सामायिक फाईल-व्यवस्थेतील स्थिर ओळखीचा प्रश्न : 'एनएफएस'च्या रचनेची चिकित्सा

सन मायक्रोसिस्टिम्सच्या अभियंत्यांनी १९८५ साली युसेनिक्स परिषदेत 'नेटवर्क फाईल सिस्टिम' अर्थात एनएफएसची रचना मांडली. सर्व्हरने ग्राहक-संगणकांविषयी काहीही लक्षात ठेवू नये, हे तिचे मुख्य सूत्र होय. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी ग्राहकाने तीच मागणी पुन्हा पाठवावी आणि काम पुढे चालावे. या साधेपणाचे कौतुक योग्यच आहे. परंतु त्याचा भार कोठे पडतो, हे पाहणे आवश्यक ठरते.

सर्व्हरला स्मृती नसल्याने प्रत्येक मागणीतच फाईलची ओळख द्यावी लागते. ही ओळख म्हणजे 'फाईल हँडल'. दुसऱ्या आवृत्तीत ते ३२ बाइटांचे होते. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत कमाल मर्यादा ६४ बाइट झाली. युनिक्स सर्व्हरवर त्यात सामान्यतः फाईल-प्रणालीचा क्रमांक, आयनोड क्रमांक व पिढी-क्रमांक असतो, नाव नसते. ग्रंथालयात पुस्तकाचे कपाट बदलले तरी दाखल क्रमांक तोच राहतो, तसेच हे. मात्र ग्रंथपाल रद्द केलेल्या पुस्तकाचा क्रमांक नव्या पुस्तकास देत नाही. फाईल-प्रणाली पुसलेल्या फाईलचा आयनोड क्रमांक नव्या फाईलला खुशाल देते. पिढी-क्रमांक नसता तर जुने हँडल बाळगणाऱ्या संगणकाने परक्याच फाईलवर मजकूर लिहिला असता, आणि ते कोणाच्या ध्यानातही आले नसते. 'स्टेल फाईल हँडल' हा वैताग आणणारा संदेश वस्तुतः संरक्षणाचा आहे.

रचनेचा खरा दुबळेपणा पहिल्या घटकात आहे. लिनक्समध्ये हा क्रमांक डिस्कच्या उपकरण-क्रमांकावरून घेतला, तर यंत्र पुन्हा सुरू होताना डिस्कांचा क्रम बदलताच सारी हँडले निकामी होतात. फाईल एकही बदललेली नसते. म्हणून डिस्कवर नोंदलेला यूयूआयडी किंवा प्रशासकाने हाताने दिलेला 'एफएसआयडी' वापरावा लागतो.

२००० सालच्या चौथ्या आवृत्तीने अस्थिर हँडलांना मान्यता दिली. ही कबुली प्रामाणिक असली तरी उपाय समाधानकारक नाही. हँडल बाद झाल्यास ग्राहकाने लक्षात ठेवलेल्या नावांच्या मार्गाने फाईल पुन्हा शोधावी, अशी अपेक्षा आहे. दरम्यान कोणी नाव बदलले असेल तर शोध फसतो. मूळ रचनेने बाजूला ठेवलेले नाव येथे मागील दाराने परतले आहे.

फॅट प्रणालीत तर डिस्कवर आयनोडच नसतो. तेथे लिनक्सचा 'नोस्टेल' पर्याय फाईलच्या नोंदीच्या डिस्कवरील जागेवरून हँडल बनवतो. हँडल टिकते, पण फाईल-प्रणाली केवळ वाचनापुरती उरते.