चौकट आणि वाट : क्रॉस स्टिचच्या संगणकीय नमुन्यांविषयी

भरतकामाचा नमुना आपण चित्र म्हणून पाहतो. भरणाऱ्या बाईच्या दृष्टीने मात्र तो आधी एक सूचनापत्र असतो : कोणत्या घरात कोणता दोरा, कुठे रंग बदलायचा, कुठे थांबायचे. पीसीस्टिच, विनस्टिच यांसारखी सॉफ्टवेअर आल्यापासून क्रॉस स्टिचचा नमुना घरच्या संगणकावर तयार करता येतो. त्यांची चर्चा बहुधा सोयीपुरती होते. नमुना म्हणजे काय, याविषयी ही साधने काय गृहीत धरतात, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

तक्रार नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनच्या प्रकाशकांनी चौकटीच्या कागदावर छापून हाताने रंगवलेले लोकरी भरतकामाचे नमुने विकायला काढले. युरोप-अमेरिकेत त्यांची लाट आली. प्रसिद्ध तैलचित्रेही घरे मोजून उशांवर उतरली. लंडनमध्ये १८७२ साली स्थापन झालेल्या कलात्मक भरतकामाच्या शाळेमागे या यांत्रिक नकलेविषयीची नाराजीही होती. तरीही बर्लिनचा कागद माणसाने रंगवलेला होता. गालाची सावली दोन छटांत दाखवायची की पाच, हे कोणीतरी ठरवत होते.

छायाचित्रावरून नमुना करताना सॉफ्टवेअर हा निर्णय गणिताकडे सोपवते. चित्राचे चौकोन पाडले जातात, प्रत्येक चौकोनाचा एक रंग ठरतो आणि डीएमसीच्या सुमारे ५०० रंगांतला सर्वांत जवळचा दोरा त्याला मिळतो. हे 'जवळचा' कसे मोजायचे? लाल-हिरवा-निळा यांच्या आकड्यांतला फरक आणि डोळ्याला जाणवणारा फरक सारखा नसतो. मोजपट्टी बदलली की त्याच चेहऱ्यासाठी वेगळ्या लडी निघतात. दुसरी गोष्ट, फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची १९७६ची पद्धत रंग निवडताना उरलेली चूक शेजारच्या घरांत वाटून देते. पडद्यावर त्या ठिपक्यांची दुरून एकच छटा होते. कापडावर मात्र प्रत्येक ठिपका म्हणजे स्वतंत्र टाका.

इंचाला १४ घरे असलेल्या मॅटीवर १५० बाय १५० घरांचा नमुना घेऊ. तो जेमतेम पावणेअकरा इंचांचा चौरस होतो, पण त्यात २२,५०० फुल्या, म्हणजे ४५,००० तिरपे टाके असतात. त्यातल्या दहा टक्के फुल्या जरी एकांड्या निघाल्या, तरी २,२५० वेळा दोरा बदलायचा, किंवा मागून ओढत न्यायचा. पडद्यावरच्या नमुन्यात या श्रमाचा मागमूस नसतो. लडींची यादी मिळते, मनस्तापाची मिळत नाही.

याच्या शेजारी कसुती ठेवून पाहावी. धारवाड परिसरातली ही कला इरकली लुगड्यांमुळे महाराष्ट्रातही परिचित आहे. तिच्या चार टाक्यांपैकी मेंथी म्हणजे आपला क्रॉस स्टिच. गवंटी, मुरगी आणि नेगी हे बाकीचे तीन. कापडावर काही न छापता, धागे मोजून गोपूर, रथ, तुळशीवृंदावन भरले जाते. गवंटीत एक घर सोडून पुढे जायचे आणि सुटलेली घरे भरत परत यायचे. गाठ मारायची नाही आणि दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात. म्हणून फांदी कधी घ्यायची, कुठून वळायचे, हे आधीच ठरवावे लागते. इथे आकृती आणि सुईची वाट वेगळ्या काढता येत नाहीत.

सॉफ्टवेअरच्या चौकटीत ही वाट लिहायला सहसा जागाच नसते. कोणत्या घरात काय, एवढेच ती सांगते. कोणत्या क्रमाने, हे सांगत नाही. संगणकाची मर्यादा म्हणून हे सोडून देता येणार नाही, कारण पुढच्या रेषेचा हिशेब करणे हे त्याचेच काम आहे. हे साधन चित्रापासून सुरुवात करते, टाक्यापासून करत नाही, हे खरे कारण.

तरी सरसकट नकार अन्यायाचा ठरेल. याच सॉफ्टवेअरमध्ये कोरी चौकट घेऊन एकेक घर भरत गेले, तर चित्र वेगळे दिसते. वेलीचा एक तुकडा आखून त्याची आरशातली प्रतिमा घेणे, काठाचे कोपरे जुळवणे, कापडाची घरे बदलली तर आकार किती होईल ते पाहणे, चूक पुसणे, ही कामे कागदावर खोडरबराने करणाऱ्यांना या सोयीचे मोल ठाऊक आहे. छायाचित्रावरून सुरुवात केली तरी रंग निम्मे करून, एकांडे टाके शेजारच्या रंगात मिसळून, डोळे-ओठ उलट्या टिपेने रेखून घेतले की गणिताने केलेला कच्चा खर्डा माणसाचा नमुना होऊ लागतो.

म्हणून संगणकीय नमुना पारखताना तो छायाचित्राशी किती जुळतो हे दुय्यम मानावे. त्यातले किती रंग कोणीतरी विचारपूर्वक वगळले आहेत, आणि भरून झाल्यावर कापड उलटे करून दाखवता येईल का, हे आधी पाहावे. काही महिने मान खाली घालून बसणाऱ्या बाईचा वेळ नमुना करणाऱ्याने मोजला आहे की नाही, ते त्या मागच्या बाजूवरच कळते.